फोटोत मावलेला पलंग: आभासी सजावटीच्या खुलाशाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

धुळे शहराच्या देवपूरकडच्या वाढत्या भागातली ही इमारत. तळमजला अधिक तीन मजले, एकूण २० सदनिका. ओळख पटू नये म्हणून नावे आणि नेमके ठिकाण इथे दिलेले नाही. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठांहून जास्त, त्यामुळे महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी बंधनकारक होती आणि ती झालेलीही होती. काम शेवटच्या टप्प्यात होते, भोगवटा प्रमाणपत्रासाठी महापालिकेकडे अर्ज गेलेला होता. सात सदनिका विकायच्या राहिल्या होत्या.

अशा इमारतींचा मोठा ग्राहक गावात नसतो. तो सुरतेला, नाशिकला किंवा पुण्याला नोकरी-धंद्यात असतो आणि आई-वडिलांसाठी आपल्या मुलखात एक घर घेऊन ठेवतो. सुट्टी काढून चार ठिकाणी घरे पाहत फिरणे त्याला जमत नाही. नकाशा, दरपत्रक आणि फोटो व्हॉट्सअॅपवर येतात आणि निम्मा निर्णय तिथेच होतो. गावातला ग्राहक फोटो पाहून साइटवर येतो. बाहेरगावचा ग्राहक फोटो पाहून पैसे पाठवतो. या प्रकरणातला सगळा पेच या फरकातून सुरू झाला.

रिकाम्या खोलीचा फोटो विकायला अवघड असतो. फर्निचर नसले की नजरेला माप मिळत नाही, खोली आहे त्याहून लहान आणि रुक्ष दिसते. नमुना सदनिका खरोखर सजवायची तर पैसा आणि वेळ दोन्ही जातात. म्हणून एजंटने सुचवले, की रिकाम्या खोल्यांचे फोटो काढू आणि त्यांत संगणकाने फर्निचर बसवू. यालाच व्हर्च्युअल स्टेजिंग, म्हणजे आभासी सजावट म्हणतात. त्यात मुळात काही गैर नाही. विकासकाने होकार दिला.

फोटो कसे तयार झाले

एजंटच्या माणसाने मोबाइलच्या अतिरुंद कोनाच्या लेन्सने, म्हणजे कॅमेऱ्यात ०.५ लिहिलेल्या पर्यायावर, फोटो घेतले. ही लेन्स कडेच्या भिंती ताणते, त्यामुळे खोली लांबट दिसते. हा पहिला फुगवटा. मग ते फोटो एआयवर चालणाऱ्या एका अॅपमध्ये टाकून 'आधुनिक बेडरूम', 'आधुनिक किचन' असे पर्याय निवडले गेले.

पुढचे सगळे बिघडले ते इथे, म्हणून ही पायरी नीट समजून घ्यायला हवी. आभासी सजावटीच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत मूळ फोटो तसाच राहतो. कारागीर खोलीचा कोन पकडून त्यावर सोफा, पलंग, टेबल यांची त्रिमितीय चित्रे मापाने बसवतो. भिंत, खिडकी, कॉलम यांना हात लागत नाही. नव्या पद्धतीत एआय अख्खे चित्र पुन्हा रंगवते. कुठला भाग बदलायचा ते आखून दिले नाही, तर फर्निचर घालताना ते भिंतही नव्याने काढते. बाहेर आलेला कॉलम त्याला खटकतो, तो सपाट होतो. खिडकीबाहेरच्या तारा गेल्या की तिथे झाडे येतात. ओलीचा डाग पुसला जातो. हे कोणी सांगून केलेले नसते, पण परिणाम सांगून केल्यासारखाच होतो.

तयार झालेल्या १४ फोटोंपैकी दिवाणखान्याचे फोटो ठीक होते. सोफा, गालिचा, टीव्हीचे कपाट, सगळे हलवता येण्याजोगे. बाकीच्यांत मात्र पाच गोष्टी घुसल्या होत्या.

- लहान बेडरूममधला कॉलमचा नऊ इंच पुढे आलेला भाग नाहीसा झाला होता.
- त्याच खोलीत दुहेरी पलंग साडेचार फूट रुंदीचा काढला गेला होता.
- सात फुटी सरळ ओट्याच्या जागी इंग्रजी एल आकाराचा ओटा आला होता.
- खिडकीबाहेरची डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) आणि तारा जाऊन हिरवळ आली होती.
- भिंतीवर स्प्लिट एसी लटकत होता, पण त्या भिंतीवर एसीचा १६ अँपिअरचा पॉइंटच नव्हता.

विकासकाने हे फोटो मोबाइलच्या पडद्यावर पाहिले आणि 'छान आहेत, पाठवा' असे कळवले. मूळ फोटो शेजारी ठेवून कोणीच पाहिले नाहीत.

माहितीपत्रक मराठीत होते. त्याच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक इंग्रजीत, चित्रे कलाकाराच्या कल्पनेतली आहेत अशा अर्थाची एक ओळ होती. नोंदणी क्रमांक, महारेराचे संकेतस्थळ आणि १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक झालेला क्यूआर कोड हे सगळे जागच्या जागी होते. क्यूआर कोड नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड होतो हे विकासकाला ठाऊक होते. तेवढे पाळले की जाहिरात नियमात बसली, असा त्याचा समज झाला. हा समज या धंद्यात फार पसरलेला आहे.

अडचण

सुरतेच्या एका कुटुंबाने दुसऱ्या मजल्यावरची सदनिका ३२ लाखांना ठरवली आणि गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर दीड लाख रुपये टोकन म्हणून बँकेतून पाठवले. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. इथे ती मर्यादा ३ लाख २० हजारांची होती, त्यामुळे या बाजूने व्यवहार सरळ होता.

त्यांच्याकडे आलेले फोटो माहितीपत्रकातून आलेले नव्हते. एजंटने १४ पैकी सहा फोटो सुटे पाठवले होते. शेवटचे पान आणि त्यावरची ती बारीक ओळ त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे कुटुंब गावी आले आणि घर पाहायला गेले. लहान बेडरूम आई-वडिलांची असणार होती. त्यांचा जुना सागवानी पलंग सहा फूट बाय साडेसहा फूट, सोबत लोखंडी कपाट. मुलाने टेप लावली. खोली साडेआठ फूट बाय दहा फूट. दहा फुटांच्या बाजूने दार उघडायला अडीच फूट, पलंगाला सहा फूट आणि कपाटाला दोन फूट, म्हणजे साडेदहा फूट लागतात. अर्धा फूट कमी पडत होता. आडव्या बाजूने पलंगाच्या पायथ्याशी दोन फुटांची वाट राहायला हवी होती. पण कॉलममुळे पलंग नऊ इंच पुढे सरकत होता आणि वाट सव्वा फुटावर येत होती. गुडघे दुखणाऱ्या माणसाने रात्री त्या फटीतून उठून जायचे कसे? फोटोत मात्र पलंग, कपाट आणि वर एक खुर्चीसुद्धा आरामात बसली होती.

ग्राहकाच्या वडिलांनी एजंटला अहिराणीत सरळ विचारले, "भाऊ, पलंग फोटोमा मावना, मंग आठे काब मावत नही?" (पलंग फोटोत मावला, मग इथे का मावत नाही?)

एजंटने उत्तर दिले, की फोटो प्रातिनिधिक असतात, शेवटच्या पानावर लिहिलेले आहे. इथे पहिली संधी हुकली. त्या क्षणी मूळ फोटो दाखवून 'हे आमच्याकडून चुकीचे गेले' म्हटले असते, तर बोलणे खोलीच्या मापावर राहिले असते. या उत्तराने ते फसवणुकीवर गेले. कुटुंबाने त्याच संध्याकाळी टोकन परत मागितले.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे आभासी सजावटीसाठी वेगळे कलम नाही, म्हणून ती मोकाट आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधली जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमातल्या प्रसिद्धीला कवेत घेते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटोही त्यात आला. कलम १२ सांगते, की जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी आगाऊ रक्कम दिली आणि त्याचे नुकसान झाले, तर विकासकाने भरपाई द्यायची. ग्राहकाला बाहेर पडायचे असेल, तर पूर्ण रक्कम व्याज आणि भरपाईसह परत करायची. महाराष्ट्राच्या नियमांत हे व्याज स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत दर) अधिक दोन टक्के इतके आहे.

'फोटो एजंटने केले' हा बचाव विकासकाला वाचवत नाही, कारण कलम १२ विकासकाकडेच बोट दाखवते. एजंटही सुटत नाही. कलम १० मध्ये त्याला अनुचित व्यापार प्रथांपासून दूर राहायला सांगितले आहे आणि त्यात तोंडी किंवा लेखी विधानांबरोबर दृश्य स्वरूपात केलेले खोटे चित्रणही मोजले आहे. त्याची नोंदणी रद्द होऊ शकते.

त्या बारीक इंग्रजी ओळीचा बचाव तर ग्राहक कायद्यापुढे टिकणे कठीण. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जून २०२२ मध्ये आलेल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या मार्गदर्शक तत्त्वांत खुलाशाचे नियम स्पष्ट आहेत. खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, दाव्यासारख्याच अक्षरांत हवा, सहज दिसेल अशा जागी हवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे खुलासा दाव्याचे स्पष्टीकरण करू शकतो, दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करू शकत नाही. फोटो म्हणतो कॉलम नाही, तळटीप म्हणते असेलही, असे चालत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करू शकते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने याच विषयावर वेगळा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. घराच्या जाहिरातीत डिजिटल बदल केलेले चित्र वापरले, तर ते चित्रावर किंवा शेजारी ठळक सांगायचे आणि मूळ फोटो पाहण्याची सोय द्यायची. उजेड, रंगसंतुलन, सरळ करणे, कातरणे अशा साध्या सुधारणा त्यातून वगळल्या आहेत. तो कायदा धुळ्यात लागू नाही, पण त्यातली मूळ फोटो दाखवण्याची अट कामाची आहे. पुढे या प्रकरणात तीच उपयोगी पडली.

समोर आलेले पर्याय

विकासक, एजंट आणि वकील बसले तेव्हा चार वाटा चर्चेत आल्या.

पहिली, तळटीपेवर ठाम राहून रद्दीकरणाची कपात लावायची. महारेराच्या नमुना वाटपपत्रात, म्हणजे बुकिंगनंतर ग्राहकाला द्यायच्या पत्रात, ग्राहकाने स्वतःहून ३१ ते ६० दिवसांत बुकिंग रद्द केले, तर किमतीच्या दीड टक्क्यापर्यंत कपातीची सोय आहे. पाडव्यापासून महिना उलटला होता, म्हणजे ४८ हजार रुपये कापता येतील असा एजंटचा हिशोब होता. तो दोन कारणांनी कच्चा होता. या ग्राहकाला वाटपपत्र दिलेच नव्हते. शिवाय मन बदलल्यामुळे सोडलेले घर आणि चुकीच्या चित्रामुळे सोडलेले घर, ही कायद्याने दोन वेगळी प्रकरणे आहेत.

दुसरी वाट, घर फोटोसारखे करून देण्याची. ओटा वाढवता येत होता. एसीचा पॉइंट देता येत होता, तोही घरातल्या मुख्य विजेच्या बोर्डापासून स्वतंत्र जाड तार ओढून. कॉलम मात्र काढता येत नाही आणि डीपी हलवणे विकासकाच्या हातात नाही. तिसरी, किमतीत सूट. विकासकाचा कल इकडे होता, पण सूट दिल्याने वडिलांच्या खोलीतली वाट रुंद होणार नव्हती. चौथी, पूर्ण परतावा व्याजासह.

ग्राहकाकडेही मार्ग होते. महारेराकडे पाच हजार रुपये शुल्क भरून तक्रार, त्याआधी महारेराचा सलोखा मंच किंवा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद त्यांनी केलीही होती.

वकिलाने विकासकाला एकच आकडेमोड दाखवली. दीड लाखावर सुमारे ४० दिवसांचे व्याज दोन हजारांच्या आत बसत होते. वाद होता तो ४८ हजारांच्या कपातीचा, आणि ती मिळवण्यासाठी एकाच जाहिरातीवर दोन ठिकाणी उत्तर देत बसावे लागले असते.

काय केले

दीड लाख आणि त्यावरचे व्याज बँकेतून परत गेले. सोबत एका पानाचे मराठी पत्र होते. कोणत्या फोटोत काय बदलले होते आणि मूळ काय आहे, हे त्यात एकेक ओळीत लिहिले होते. 'गैरसमज झाला' असा मोघम शब्द त्यात नव्हता.

याहून अवघड निर्णय पुढचा होता. याच फोटोंवर आणखी दोघांनी बुकिंग केले होते आणि त्यांनी तक्रार केली नव्हती. त्यांना सांगायचे की नाही? एजंटचे म्हणणे, झोपलेल्याला उठवू नका. विकासकाने दोघांनाही तेच पत्र आणि मूळ फोटो पाठवले. आमच्या मते या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता, कारण तक्रार येईपर्यंत चूक अजाणतेपणाची मानता येते. कळल्यावर गप्प बसले, की ते जाणीवपूर्वक लपवणे होते, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणे ही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येतच बसते.

जुने फोटो सगळीकडून काढायला घेतले, पण पुढे गेलेला व्हॉट्सअॅप संदेश परत येत नाही. म्हणून ज्या गटांत फोटो टाकले होते त्याच गटांत दुरुस्ती टाकली, मूळ आणि सजवलेला फोटो एकाच चौकटीत शेजारी-शेजारी.

मग नवे फोटो. या वेळी नियम असा ठरला, की घर विकत घेणारा माणूस ताब्याच्या दिवशी जे स्वतः हलवू शकेल तेवढेच संगणकाने घालायचे. पलंग, सोफा, पडदे, कुंड्या चालतील. भिंत, कॉलम, बीम, खिडकी, ओटा, फरशी, विजेचे पॉइंट, खिडकीबाहेरचे दृश्य, ओल, तडा यांना हात लावायचा नाही. उजेड आणि रंग सुधारायला हरकत नाही, पण डाग दिसेनासा होईल इतका नाही. अॅप वापरले तर फक्त जमिनीवरचा फर्निचरचा भाग आखून द्यायचा, बाकी चित्र कुलूपबंद.

फर्निचरचे माप तपासायला फरशी उपयोगी पडली. या इमारतीत दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स होत्या. सहा फुटी पलंगाने तीन टाइल्स झाकायला हव्यात. पहिल्या फोटोत त्याने सव्वादोन झाकल्या होत्या. कोणीही मोजल्या असत्या तर चूक दहा सेकंदांत सापडली असती. आता प्रत्येक सजवलेल्या फोटोत टाइल्स मोजतात, आणि दाराचे पान उघडल्यावर कुठवर येते ते नकाशावर आखून पाहतात. फोटो मोबाइलच्या साध्या १ च्या लेन्सने घेतात. खोली एका फोटोत मावली नाही, तर दोन घेतात.

खुलाशाची ओळ फोटोवरच छापली जाते: 'फर्निचर संगणकाने बसवले आहे. खोली रिकामी मिळेल.' जागा ठरवताना बराच खल झाला. तळाशी ठेवली तर स्टेटसवर टाकताना कातरली जाते. कडेला ठेवली तर पोर्टलच्या लहान चौकोनात दिसत नाही. फाइलच्या आतल्या माहितीत लिहिली तर व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवताना ती माहिती गळून पडते. शेवटी वरच्या एक-तृतीयांश भागात, मध्यावर, गडद पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ठरली. अक्षरांची उंची फोटोच्या रुंदीच्या पंचविसाव्या भागाहून कमी नाही, म्हणजे १०८० पिक्सेल रुंद फोटोत ४३ पिक्सेलच्या पुढे. फोटो थोडा कमी देखणा दिसतो, आणि ते चालवून घ्यायचे ठरले.

निष्पत्ती

सुरतेच्या कुटुंबाने पैसे मिळाल्यावर हेल्पलाइनवरची तक्रार पुढे नेली नाही. घर मात्र त्यांनी दुसरीकडे घेतले. पत्र मिळालेल्या दोघांपैकी एकाने बुकिंग सोडले, त्यालाही व्याजासह परतावा मिळाला. दुसऱ्याने एल आकाराचा ओटा आणि एसीचा पॉइंट मागितला. तो विकासकाने स्वखर्चाने दिला आणि करारनाम्याच्या जोडपत्रात लिहून दिला.

नव्या फोटोंवर चौकशीचे फोन कमी आले. पण येणारा माणूस कॉलम माहीत धरूनच येऊ लागला आणि साइटवरची वादावादी थांबली. उरलेल्या सदनिकांना वेळ लागला, आणि त्या काळात कर्जाच्या व्याजाचा भार विकासकाने सोसला. खरे फोटो लावले की विक्री वाढते, असे या प्रकरणातून म्हणता येणार नाही.

वेगळे काय करता आले असते

एजंटशी झालेल्या करारात फोटोंबद्दल अवाक्षर नव्हते. सजवलेला प्रत्येक फोटो मूळ फोटोसह विकासकाच्या लेखी मंजुरीनंतरच बाहेर जाईल, एवढे एक कलम असते तर मंजुरी फोनवर 'छान आहेत' म्हणून मिळाली नसती. मंजुरीची जागाही महत्त्वाची आहे. ती साइटवर, त्या खोलीत उभे राहून, मोठ्या पडद्यावर द्यायला हवी.

टोकन घेण्याआधी बाहेरगावच्या ग्राहकाला एक व्हिडिओ कॉल करून खोलीच्या चारही भिंतींवर टेप लावून दाखवता आली असती. त्याला पंधरा मिनिटे लागतात. खान्देशात उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा कूलर कुठल्या खिडकीला लागेल, त्याचा स्टँड बाहेर कुठे बसेल आणि पाण्याची व पॉइंटची सोय काय, हेही त्याच कॉलवर दिसते. या घरात कूलरची खिडकी आणि डीपीची बाजू एकच होती. हा मुद्दा पाहणीत निघाला, आधी निघायला हवा होता.

ग्राहकाच्या बाजूनेही एक गोष्ट करता आली असती. फोटो आल्याबरोबर 'याचा मूळ, न सजवलेला फोटो पाठवा' एवढा संदेश करायचा आणि उत्तर जपून ठेवायचे. आपल्या पलंगाची, कपाटाची मापे मंजूर नकाशावर पेन्सिलने आखायची. नकाशातला काळा चौकोन म्हणजे कॉलम. तो भिंतीच्या आत येताना दिसतोच.

पुनर्विक्रीच्या घरांत कलम १२ विकणाऱ्या मालकाला लागू पडत नाही. तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ आहे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणे, ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. फोटोतून ओल पुसून वर ताजा रंग मारला, तर दोष त्याला माहीत होता याचा पुरावा तो फोटोच ठरतो. म्हणून याच एजंटने आता पुनर्विक्रीच्या फोटोंनाही तीच पट्टी लावायला सुरुवात केली आहे आणि मूळ फाइल तारखेसह जपून ठेवतो.